बोलणारा, पण न पाहणारा गुरु
घरबसल्या छायाचित्रण शिकूं इच्छिणाऱ्यांसाठीं चार शब्द

छायाचित्रण शिकावयाचें तर पूर्वीं एकच मार्ग असे. एखाद्या फोटोग्राफरच्या दुकानीं उमेदवारी पत्करावयाची, त्याचीं भिंगें पुसावयाचीं, काळोख्या खोलींत तांबड्या दिव्याच्या मंद उजेडांत त्याच्या हाताखालीं रसायनांचीं तबकें हालवीत उभें राहावयाचें, आणि अशीं दोन-चार वर्षें गेलीं म्हणजे धनी केव्हां तरी म्हणे, "आज तूं काढ." आज हा गुरु आपण होऊन घरीं येऊन बसला आहे. मोबाइलच्या वीतभर पडद्यावर तो हंसतमुखानें बोलूं लागतो, कॅमेऱ्याची कळ न् कळ उलगडून दाखवितो, रात्रीं बारा वाजतां बोलाविला तरी येतो, आणि एकच गोष्ट दहा वेळां विचारली तरी कपाळाला आठी घालीत नाहीं. आधींच चित्रित करून ठेवलेल्या अशा पाठांची मालिका कोणी पैसे भरून घेतो, कोणाला ती फुकट मिळते. आणि घरांतील एखादा मुलगा, एखादी सून, कधीं कधीं नोकरींतून निवृत्त झालेले आजोबाही, या गुरूचें शिष्यत्व पत्करतात.

या रीतीनें कला खरोखर येते काय, असा प्रश्न आम्हांला अनेकांनीं विचारला आहे. आमचें उत्तर असें कीं, येते. पण एका अटीवर. हा गुरु बोलतो, पण पाहत नाहीं. शिष्यानें काढलेलें चित्र त्याच्या दृष्टीस कधींच पडत नाहीं. ही जी दृष्टीची उणीव, ती घरानें भरून काढली तर हा गुरु घरच्या विद्येंत मोलाची भर घालील. न काढली तर त्याचे पाठ म्हणजे जेवणानंतरची एक करमणूक होऊन राहील.

दूरचा गुरु नवा नव्हे

१८३९ सालीं पॅरिसमध्यें दागेर याची प्रकाशचित्रें घेण्याची कृति जाहीर झाली, आणि त्यानंतर अवघ्या पंधरा वर्षांनीं, १८५४ सालीं, मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधु नारायण दाजी हे तिच्या आरंभींच्या एतद्देशीय सभासदांपैकीं होत. त्या काळीं ही कृति ज्याला अवगत करून घ्यावयाची असे त्याला पुष्कळसें ज्ञान पुस्तकांतूनच मिळवावें लागे. परंतु सोसायटी निघाली ती नुसतीं पुस्तकें वाचण्यासाठीं नव्हे. चार जाणत्यांपुढें आपलें काम मांडावें, त्यांचें पाहावें, आणि दोहोंची तुलना व्हावी, ही अशा मंडळांमागील खरी प्रेरणा असते. पुढें विसाव्या शतकांत अमेरिकेंत टपालद्वारां छायाचित्रण शिकविण्याचा प्रघात पडला. तेथेंही विद्यार्थी आपलीं चित्रें शिक्षकाकडे धाडी, व शिक्षक त्यांवर शेरे मारून तीं परत पाठवी. गुरु दूर असला तरी त्याचा डोळा शिष्याच्या चित्रावर पडत असे, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आपल्याकडील सर्वांत बोधप्रद उदाहरण म्हणजे दादासाहेब फाळके यांचें. साधें छायाचित्रण ते बडोद्याच्या कलाभवनांत शिकले, आणि गोध्रा येथें त्यांनीं स्वतःचा स्टुडिओही चालविला. परंतु चलच्चित्राची विद्या शिकविणारें येथें कोणी नव्हतें. त्यांनीं त्या विषयावरील पुस्तक मिळविलें, त्याचा अभ्यास केला. आणि तेवढ्यावर न थांबतां १९१२ सालीं ते लंडनला गेले. तेथें सेसिल हेपवर्थ याच्या स्टुडिओंत त्यांनीं काम कसें चालतें तें प्रत्यक्ष पाहिलें, यंत्रसामग्री खरेदी केली, आणि परत आल्यावर पहिला प्रयोग केला तो कुंडींतल्या वाटाण्याचा. रोज थोडीं थोडीं चित्रें घेऊन अंकुराची वाढ त्यांनीं पडद्यावर दाखविली. १९१३ सालीं 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला तेव्हां त्यामागें जें श्रमांचें भांडवल होतें, त्यांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा वाटा फार मोठा होता. कोऱ्या फिल्मला छिद्रें पाडण्याचें व ती धुण्याचें काम त्यांनीं शिकून घेतलें, आणि काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाकही तेच हात करीत होते. तात्पर्य, पुस्तकानें फाळक्यांना दारापर्यंत नेलें. दारांतून आंत नेलें तें प्रत्यक्ष पाहण्यानें, कुंडींतल्या वाटाण्यानें आणि घरानें.

आजचे चित्रित पाठ हे या पुस्तकाचेंच पुढचें रूप होय. 'नॅशनल जिऑग्राफिक'साठीं काम करणारे जोएल सार्टोर यांची चोवीस व्याख्यानांची मालिका आहे. तींत भिंग, प्रकाश, रचना यांचे धडे एकामागून एक येतात. मार्क लेव्हॉय हे स्टॅनफर्ड विद्यापीठांत हाच विषय शास्त्रीय अंगानें शिकवीत. २०१६ सालीं त्यांनीं गूगलमध्यें दिलेलीं अठरा व्याख्यानें सर्वांसाठीं विनामूल्य खुलीं करण्यांत आलीं. त्याच वर्षीं न्यूयॉर्कच्या आधुनिक कला-संग्रहालयानें एक मालिका काढली. तिचा भर चित्र काढण्यावर नसून तें पाहावें कसें, यावर होता. एक मालिका हात शिकविते, दुसरी बुद्धि आणि तिसरी डोळा. आपल्याला यांपैकीं काय हवें आहे हें न ठरवितां जो पहिली दिसेल ती मालिका घेतो, त्याची गत वैद्याला न विचारतां औषध घेणाऱ्यासारखी होते.

या गुरूचे गुण

या गुरूचा पहिला गुण म्हणजे पुनरुक्तीचा त्याला कंटाळा नाहीं. छायाचित्रणांत कांहीं गोष्टी एकदां ऐकून कळत नाहींत. भिंगाच्या छिद्राचे आंकडे घ्या : २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. आंकडा वाढला म्हणजे छिद्र लहान होतें, हें प्रथम ऐकणाऱ्याला उलटेंच वाटतें. वस्तुतः हा आंकडा एक भागाकार आहे; भिंगाची नाभीय लांबी छिद्राच्या व्यासाच्या किती पट, एवढेंच तो सांगतो. आंकड्यांतील प्रत्येक पायरीला छिद्राचें क्षेत्रफळ निम्में होतें, व म्हणून उजेडही निम्मा येतो. नळाखालीं घागर ठेवली तर तोटी पूर्ण सोडून ती अर्ध्या मिनिटांत भरतां येते, किंवा पाण्याची धार निम्मी करून एका मिनिटांत. घागरींत पडणारें पाणी तितकेंच. छिद्र म्हणजे तोटी आणि शटर उघडें राहण्याचा काळ म्हणजे ती सोडून ठेवण्याचा वेळ. तिसरी किल्ली ग्राहकतेची, म्हणजे आयएसओची. ती वाढविली तर थोड्या पाण्यांतही घागर भरल्यासारखी दिसते, पण मग चित्रावर बारीक खर उमटूं लागते. हें पडद्यावर हालत्या चित्रांनिशीं दाखविलेलें पाहिलें म्हणजे दहा पानें वाचून न उमगणारी गोष्ट पांच मिनिटांत उमगते. पुस्तक येथें या गुरूपुढें फिकें पडतें, हें निःसंशय.

दुसरा गुण आम्हांला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो. या गुरूला थांबवितां येतें. कुकरची शिट्टी झाली, सासऱ्यांच्या औषधाची वेळ झाली, शाळेंतून आलेल्या मुलानें हांक मारली, कीं बोट लावतांच गुरुजी वाक्याच्या मध्यावर थांबतात, आणि दोन तासांनीं त्याच शब्दापासून पुन्हां सुरू करतात. ठराविक वेळीं, ठराविक जागीं जाऊन शिकणें ज्यांना कधीं साधलें नाहीं, अशा घरांतल्या स्त्रियांना या एका गुणानें विद्येचें दार उघडून दिलें आहे.

त्याला काय दिसत नाहीं

आतां उणी बाजू. हा गुरु आपलें चित्र पाहत नाहीं, हें वर सांगितलेंच. परंतु त्याला आपलें घर, आपलें आकाश, आपली हवा, यांपैकींही कांहीं दिसत नाहीं.

एक उदाहरण देतों. बहुतेक परदेशीय मालिकांतून शिष्याला सांगितलें जातें कीं, सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वींचा 'सोनेरी तास' साधावा. त्या वेळचा तिरपा, पिवळसर उजेड चेहऱ्यांना व देखाव्यांना फार शोभतो. हें खरें आहे. पण तास हा त्यांचा, आपला नव्हे! लंडनसारख्या उत्तरेकडील शहरांत सूर्य क्षितिजाकडे तिरका तिरका उतरतो. क्षितिजापासून सहा अंश उंचीवर असलेला सूर्य मावळावयास तेथें मार्चमध्यें चाळीसएक मिनिटें लागतात, आणि जूनमध्यें पन्नासएक. पुण्या-मुंबईकडे तो बराच सरळ खालीं उतरतो. तेवढेंच अंतर उतरावयास त्याला केवळ पंचवीस ते अठ्ठावीस मिनिटें पुरतात. शिवाय गुरुजींच्या भरंवशावर जो तासभर आधीं गच्चीवर जाऊन बसतो, त्याला आरंभीं डोळे दिपविणारें ऊन्ह भेटतें. आणि चहाला म्हणून खालीं जाऊन येईपर्यंत खरा सोनेरी उजेड संपलेला असतो. आपल्याकडे हा तास नव्हे, ही एक घटका आहे. तिची तयारी आधींच झालेली पाहिजे.

दुसरें उदाहरण हवेचें. कोरड्या प्रदेशांत राहणारा शिक्षक भिंगाला बुरशी लागते याचा उच्चार बहुधा करीतही नाहीं. कोंकणांत किंवा मुंबईंत पावसाळ्याचे चार महिने कॅमेरा चामड्याच्या पिशवींत घालून कपाटांत ठेवला, तर दिवाळीला बाहेर काढतांना भिंगांत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतु दिसण्याची भीति असते. घट्ट झांकणाचा डबा आणि त्यांत ओल शोषून घेणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या, हा उपाय लोणच्या-पापडांची काळजी घेणाऱ्या घराला कांहीं अवघड नाहीं. मात्र तो सांगणारा पाहिजे.

तिसरी उणीव मनाची आहे. समोर कोणी वाट पाहत नसेल तर माणूस मागें पडतो. हार्वर्ड व एमआयटी या विद्यापीठांनीं संगणकाद्वारें चालविलेल्या पाठमालांची एक पाहणी २०१९ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. २०१७-१८ या वर्षीं नांव नोंदविलेल्यांपैकीं पाठमाला पुरी करणारे शेंकडा तीनांहून किंचित् अधिक निघाले! प्रमाणपत्रासाठीं पैसे भरलेल्यांतही पुरी करणारे शेंकडा शेहेचाळीसच होते. ही संख्या सर्व विषयांची मिळून आहे, केवळ छायाचित्रणाची नव्हे. तथापि तिचा अर्थ स्पष्ट आहे. पैसे भरल्यानें निश्चय थोडा बळावतो, पण पैसे म्हणजे अभ्यास नव्हे. एकलव्यानें मातीच्या मूर्तीला गुरु मानलें, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. पण ती मूर्ति बोलत नसल्यामुळें एकलव्याला धनुष्य हातीं घेण्यावांचून दुसरा मार्गच नव्हता. आजची मूर्ति इतकें गोड बोलते कीं, ऐकतां ऐकतां धनुष्य खुंटीवरच राहतें.

आजींची परीक्षा

ही उणीव घर कशी भरून काढूं शकतें, याचें एक उदाहरण आमच्या परिचयांतील एका एकत्र कुटुंबांत आम्हीं पाहिलें. या घरच्या धाकट्या सूनबाईंनीं एक पाठमाला पैसे देऊन घेतली. घरांत थोडी कुजबूज झाली. मोबाइलनें तर फोटो आपोआप निघतो. त्यांत शिकावयाचें काय, असें थोरल्या दिरांचें म्हणणें पडलें. सूनबाईंनीं उत्तर न देतां पाठ चालू ठेवले. पांच-सहा पाठ झाले, शब्द सारे तोंडपाठ झाले. चित्रें मात्र पूर्वीं होतीं तशींच निघत होतीं.

एके दिवशीं त्यांनीं आजेसासूबाईंचा फोटो काढला. आजी मागल्या सोप्यांत, पांढरें पातळ नेसून, वाती वळीत बसल्या होत्या. फोटो दाखवितांच आजींनीं चष्मा सांवरला, बराच वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, "सूनबाई, माझें पातळ असें मळकट कां गं दिसतंय? आज सकाळींच तर नेसलें मी धुतलेलें!"

"उजेड कमी होता, आजी."

"उजेड कमी कसा? मी काय अंधारांत वाती वळतें होय? आणि माझा चेहरा कुठें आहे यांत? ही तर सगळी भिंतच काढलीस कीं तूं!"

घरांतील मंडळी हंसलीं. परंतु सूनबाई हंसल्या नाहींत. त्या आंत जाऊन पुन्हां तो पाठ लावून बसल्या. गुरुजींनीं हें सांगितलें होतें, आणि त्यांनीं तें ऐकलेंही होतें. मात्र त्याचा अर्थ आजींच्या पातळानें प्रथमच त्यांच्या ध्यानीं आला. कॅमेऱ्यांतील प्रकाशमापक असें गृहीत धरून चालतो कीं, समोरचें दृश्य सरासरीनें मध्यम करडें आहे. म्हणून चौकटींत पांढरा रंग फार असेल तर तो त्याला करडेपणाकडे ओढतो, आणि काळा रंग फार असेल तर त्यालाही करडाच करून टाकतो. पांढऱ्या पातळासाठीं उजेड एक पायरी वाढवावयाचा, काळ्या पाषाणाच्या मूर्तीसाठीं एक पायरी कमी करावयाचा. देवळांत मूर्तीचें चित्र घेण्यास मनाई नसेल तेथेंच हा दुसरा प्रयोग करावा, हें सांगणें नको. मोबाइलवरही हें होतें : पडद्यावर इष्ट जागीं बोट टेंकलें म्हणजे बहुधा सूर्याचें लहानसें चिन्ह दिसतें, तें वरखालीं सरकवावें. याचीच आणखी एक घरगुती युक्ति आहे. माणसांचे वर्ण कितीही निरनिराळे असले तरी तळहात बरेच सारखे असतात, आणि ते मध्यम करड्याहून सुमारें एक पायरी उजळ असतात. ज्या उजेडांत चित्र काढावयाचें त्याच उजेडांत आपला तळहात मोजावा, आणि एक पायरी वाढवावी. गोऱ्या चेहऱ्यांसाठीं सांगितलेले परदेशीय आडाखे सांवळ्या चेहऱ्यांना नेमके बसत नाहींत. तळहाताचें माप मात्र सर्वांना बसतें.

दुसऱ्या दिवशीं त्यांनीं आजींना खिडकीपासून दोन हातांवर, उजेड एका बाजूनें चेहऱ्यावर येईल असें बसविलें. दुसऱ्या बाजूला खुर्चीच्या पाठीवर आजोबांचा धुतलेला पंचा पसरला. त्यावरून परतलेल्या उजेडानें गालावरील सांवली हलकी झाली. गुरुजींच्या पाठांत याच कामासाठीं घडीची चंदेरी तबकडी होती. पंच्यानें तें काम फुकटांत केलें. वाती वळणारीं बोटें हालत होतीं म्हणून शटरचा काळ सेकंदाचा सव्वाशेवा भाग ठेवला. मग त्यांनीं एक चित्र घेतलें, दोन घेतलीं, वीस घेतलीं. एकविसाव्यांत आजींनीं वात वळून ती निरखण्यासाठीं उजेडाकडे धरली होती.

तें चित्र पाहून आजी कांहीं बोलल्या नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं तें पुन्हां मागितलें. "माझ्या आईचे हात असेच होते," एवढेंच म्हणाल्या. त्या आईचा एकही फोटो त्या घराण्यांत नाहीं. थोरल्या दिरांनीं त्यानंतर पाठमालेची किंमत काढली नाहीं, हें आम्हांला मुद्दाम सांगावेंसें वाटतें.

घरचा अभ्यासक्रम

या उदाहरणावरून आमचें म्हणणें वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. पडद्यावरच्या गुरूचें बोलणें आणि घरच्या माणसांचें पाहणें, या दोहोंची गांठ पडली म्हणजे शिक्षण पुरें होतें. ही गांठ दैवावर सोंपवूं नये. तिच्यासाठीं थोडी शिस्त पाळावी.

एका आठवड्यास एकच पाठ पाहावा. पुढचा पाठ कितीही मोह पाडूं लागला तरी तो उघडूं नये. पाठ संपतांच पडदा बंद करावा आणि त्या पाठांतील एकाच गोष्टीवर आठवडाभर हात चालवावा. पूर्वीं फिल्मच्या एका गुंडाळींत छत्तीस चित्रें मावत. तीच मर्यादा आपणांस घालून घ्यावी. हजार चित्रें काढणाऱ्यापेक्षां छत्तीसांचा हिशेब ठेवणारा लवकर शिकतो, कारण प्रत्येक वेळीं बोट दाबण्यापूर्वीं त्याला विचार करावा लागतो.

छत्तिसांतून तीनच निवडावीं, व रविवारीं दुपारच्या चहाच्या वेळीं तीं घरांतील सर्वांपुढें मांडावीं. मोबाइल हातोहात फिरविण्यापेक्षां तीं मोठ्या पडद्यावर दाखविलेलीं अधिक चांगलीं. पाहणाऱ्यांनीं "छान आहे" एवढें बोलून सुटका करून घेऊं नये. तीन प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं : तुझी नजर प्रथम कोठें गेली? यांतलें काय नसतें तरी चाललें असतें? उजेड कोणीकडून आला आहे? यांतील एकाही प्रश्नाच्या उत्तराला छायाचित्रणाचें ज्ञान लागत नाहीं. सात वर्षांचा मुलगा पहिल्याचें उत्तर सर्वांत प्रामाणिकपणें देईल. आणि घरांतील जी बाई रोज चौकटींत पाहून पूजा मांडते वा रांगोळी काढते, ती दुसऱ्याचें. काढणाऱ्यानें मात्र आपल्या चित्राची वकिली करूं नये. जें समजावून सांगावें लागतें तें चित्रांत उतरलेलें नाहीं, असें समजावें.

खर्चाविषयींही दोन शब्द. आरंभीं नवा कॅमेरा घेण्याची मुळींच घाई करूं नये. जो मोबाइल हातीं आहे त्यानें उजेड आणि रचना या दोन गोष्टी पूर्णपणें शिकतां येतात. छिद्र आणि शटर यांवर स्वतःचा ताबा हवा असें वाटूं लागल्यावर, जुना पण चांगला कॅमेरा पाहावा. पाठमाला घेण्यापूर्वीं तिचा नमुन्याचा पाठ पाहावा, आणि शिक्षक आपलीं फसलेलीं चित्रें दाखवितो कीं नाहीं तें बघावें. जो केवळ यशस्वी चित्रेंच दाखवितो तो शिकवीत नाहीं, मिरवितो. प्रमाणपत्राच्या आशेनें पैसे देऊं नयेत. या कलेंत चित्र हेंच प्रमाणपत्र.

आणखी एक सूचना शिष्टाचाराची. घरच्या माणसाचें चित्र त्याला न विचारतां चारचौघांत पसरवूं नये. झोंपलेल्या आजोबांचें, आजारी माणसाचें, रडणाऱ्या मुलाचें चित्र पाहणाऱ्यांस गमतीचें वाटलें तरी ज्याचें तें त्याला वाटेलच असें नाहीं. आणि जीं चित्रें ठेवण्यासारखीं असतील तीं कागदावर छापून घ्यावीं, मागें पेन्सिलीनें नांवें, गांव व साल लिहावें. जुन्या पेटींतून निघालेल्या फोटोंतील अर्धीं माणसें आज कोणाला ओळखूं येत नाहींत, हा अनुभव बहुतेक घरांना असेल. त्यांत आपल्या पिढीनें भर घालूं नये.

एक तास कोणाचा?

शेवटीं एका गोष्टीकडे आम्ही घरांतील वडील मंडळींचें लक्ष वेधूं इच्छितों. पाठमालेची किंमत बहुधा भरतां येते. दुर्मीळ असतो तो वेळ. मुलाच्या छंदासाठीं घर सहज वेळ काढतें. सुनेच्या वा लेकीच्या छंदाला मात्र "कामें आटोपल्यावर" ही अट असते, आणि एकत्र कुटुंबांत कामें कधीं आटोपत नाहींत. थांबवितां येणारा गुरु मिळाला हें खरें. पण पुन्हा पुन्हा थांबविलेला पाठ शेवटीं कायमचाच थांबतो. आठवड्यांतून तीन दिवस, एक एक तास, त्या वेळीं तिला कोणी हांक मारावयाची नाहीं, एवढी व्यवस्था ज्या घरानें केली त्या घरानें पाठमालेच्या किमतीहून मोठी फी भरली असें आम्ही समजूं.

याचें फळ काय, असें कोणी विचारील. भारतांतील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून गणल्या जाणाऱ्या होमाई व्यारावाला १९१३ सालीं जन्मल्या. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत त्या शिकल्या, आणि कॅमेऱ्याचे धडे त्यांनीं पुढें आपले पति झालेल्या माणेकशा यांच्याकडून घेतले. त्यांचीं आरंभींचीं चित्रें पतीच्या नांवावर छापलीं जात. पुढें स्वातंत्र्याच्या काळांतील दिल्लीचे कितीतरी ऐतिहासिक प्रसंग त्यांच्या कॅमेऱ्यानें टिपले, आणि २०११ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. प्रत्येक घरांत होमाईबाई निपजतील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जवळच्या माणसाचे धडे आणि जवळच्या माणसांची नजर यांनीं केवढें काम उभें राहूं शकतें, एवढें त्यावरून दिसतें.

बहुतेक घरांच्या संग्रहांत लग्न-मुंजीचे फोटो पुष्कळ असतात. रोजचें घर कोठेंच नसतें. देवघरांतला सकाळचा उजेड, पाटावर बसलेलीं मुलें, विहिणींच्या हातीं न लागणारी मागल्या दारची गडबड, वाती वळणारे हात, हें सारें कोणीं टिपलें नाहीं, कारण तें रोजचेंच होतें. त्यांतल्या त्यांत जिच्या हातून हें घर रोज उभें राहतें, ती चौकटींत क्वचित् येते, आणि चौकटीमागें तर त्याहूनही क्वचित्. तिच्या हातीं कॅमेरा आला, पडद्यावरच्या गुरूनें तिला रीति सांगितली आणि घरानें तिचें चित्र मनापासून पाहिलें, तर या कलेनें आपल्या घरांना जें द्यावयाचें तें दिलें असें होईल. बोलण्याचें काम गुरु करीलच. पाहण्याचें आपण करावें.